राखणदाराला ठिगळ

बसा गं बायांनो, टेका भिंतीला. गवती चहा टाकून ठेवलाय, पण कप घट्ट धरा हां! मागल्या बारीला कौसाबाईनं हसून हसून चहा माझ्याच लुगड्यावर सांडला व्हता. आज तर मी दुसऱ्या कुणाची न्हाई, माझीच फजिती सांगणार हाय. जलमभर लोकांच्या खोड्या काढल्या, त्या सगळ्यांची एका दुपारी परतफेड झाली!

माझी शाळा किती, तुमाला ठावं हाय. तिसरीत मास्तरांच्या टोपीत बेडकी ठेवली. तवापासनं शाळा तिकडं सुखी, मी हिकडं सुखी. पण खोडीचं शिक्षण काय थांबलं न्हाई. नव्या जावयाच्या पानाला चुन्याऐवजी दही लावणारी मीच. अन् आपल्या सगळ्या राजुरी गावात जी भुताची म्हणून गाजली ती शिट्टीबी माझीच. आता दात न्हाईत म्हणून शिट्टी बंद. भूत बी बंद!

तर माझी सून वैशाली. पोरगी तळेघरची, डोंगरातली. पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधावरनं चालत शाळंत जायची, अन् शिकून कंपूटरची मोठी विंजनेर झाली. पुण्याच्या कंपनीत कामाला. लगीन झाल्यावर साहेबाचं डोकं खाऊन खाऊन तिनं घरनं काम करायची परवानगी काढली. साहेब म्हणला, "बघू. गावाकडनं काम अडलं, तर दुसऱ्या दिवशी पुण्याला यायचं."

आता बघा, माझा लेक टोमॅटोची बाग सोडून पुण्याला जाणार न्हाई. ही तिकडं गेली का एकटी खोलीवर राहणार. अन् घरात आमी मायलेक, एकमेकांच्या तोंडाकडं बघत भाकरी मोडणार. लेकाचं तोंड कसं हाय, तुमी बघितलंयच. म्हणून मी देवाला सांगितलं व्हतं, बाबा, सगळं अडू दे, पण हिचं काम अडू नको दिऊस.

तरी बी खोडी काय सुटंना. एकदा हिची मिटिंग चालली व्हती. पडद्यावर चौकोनी चौकोनी साहेब बसलेले. मी दाराआड हुभी राहून दिला आवाज, "कुकूऽऽच कू!"

साहेबानं इचारलं, "वैशाली, तुमच्याकडे भर दुपारी कोंबडा आरवतो?"

तर ही पोरगी इतकीशी बी हसली न्हाई. म्हणाली, "हो सर. म्हातारा झालाय. वेळेचं भान राहिलं नाही त्याला."

अगं, मला म्हातारं कोंबडं म्हणाली! त्या दिवशी मी वळखलं, ही आपल्या तोडीची हाय. तवापासनं माझा जीव हाय तिच्यावर.

तर त्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. बोलता बोलता पोरीचा चेहरा भाकरीच्या पिठावानी पांढरा झाला. चहा तसाच राहिला.

मी म्हणलं, "काय झालं गं? माहेरी समदं ठीक हाय ना?"

"ठीक आहे आत्या. कामाचं आहे. राखणदारालाच भोक पडलंय."

"अगं बया! कुणी मारलं?"

मंग तिनं मला बसवून सांगितलं. लई गडबडीत व्हती, तरी सांगितलं हां, ही तिची रीत. म्हणाली, "हे बघा आत्या, आपण गोठ्याला कुंपण का घातलंय?"

"बिबट्यासाठी."

"आणि मोत्याला का बांधलाय?"

"बिबट्या आला का भुकायला."

"तसंच कंपनीत सगळ्यांच्या लॅपटॉपवर आम्ही एक राखणदार बसवलाय. सॉफ्टवेअर असतं ते. व्हायरस आला, चोर आला, तर ते भुकतं, पकडतं. आता आज असं कळलंय की मोत्याच्या खोपटालाच मागून भोक आहे. चोर तिथनंच आत येणार. आणि मोत्याला तर आपण घरभर फिरू देतो ना? मग त्याच्या वाटेनं आलेला चोर बी घरभर फिरणार."

मला पटलं. लई पटलं. कुंपणच शेत खायला लागलं, तर इचारायचं कुणाला?

"मंग आता?"

"आता पॅच मारायचा. संध्याकाळच्या आत, सगळ्यांच्या मशिनवर. माझ्याच लॅपटॉपवरनं सुटणार तो."

"प्याच मंजी?"

"ठिगळ हो, ठिगळ."

आता मला सांगा, ठिगळ म्हणल्यावर माझे हात शिवशिवणार का न्हाई? अगं, या गल्लीतल्या निम्म्या गोधड्यांना माझं ठिगळ हाय! मी म्हणलं, "येवढंच व्हय? दे हिकडं, मीच मारते!"

ती बिचारी तेवढ्यात बी हसली. "मारा आत्या, तुम्हीच मारा. बुजवा सगळी भोकं एकदाची! पण एक करा, पॅच होईपर्यंत ही गोष्ट घराबाहेर जाऊ देऊ नका. भोक आहे हे चोराला कळलं, तर तो आधी पोचेल."

"माझ्या तोंडाला कुलूप," मी म्हणलं.

ती खोलीत गेली अन् मी परसात गेले. परसाच्या पलीकडं कौसाबाई भांडी घासत व्हती. हीच बसलीय बघा ती, आता कशी खाली बघतीय! मी तिला येवढंच म्हणलं, "कौसे, कुणाला सांगू नको. राखणदाराला भोक पडलंय."

झालं! हिचा मालक द्राक्षाच्या बागंवर राखणीला. हिच्या हातातलं पातेलं गेलं अंगणात गडगडत.

"आगं माझ्या आई! आमच्या ह्यांना? कुठं पडलं?"

"तुझ्या मालकाला न्हाई गं! कंपूटरच्या राखणदाराला!"

"मंग आधी कंपूटर म्हणायचं, मग राखणदार म्हणायचं! माझं काळीज बघ कसं उडतंय!"

त्यात आवाज झाला मोठा, दोन बाया बाहेर आल्या, त्यांना बी समजवावं लागलं. म्हणजे बघा, कुलूप व्हतंच माझ्या तोंडाला. फकस्त लावायचं राहिलं व्हतं.

दुपार झाली. वैशाली बसल्या जागची हलली न्हाई. रेंज पडवीतल्या खिडकीपाशी चांगली येते, म्हणून तारबीर काढून लॅपटॉप तिथं चौरंगावर आणून ठेवलेला. मंग म्हणाली, "आत्या, चार मशिनींवर आधी पाठवून बघितलाय. त्या नीट चालू झाल्या की सगळ्यांना पाठवायचा. तेवढ्यात मी दोन तांबे अंगावर घेऊन येते. मांजर चढू देऊ नका यावर."

"जा बिनघोर. मी हाय ना."

हितं बायांनो, चहाचा एक घोट घ्या. कारण पुढचं लई वंगाळ हाय.

मी राखणीला बसले. बसल्या बसल्या चष्मा लावून त्या लॅपटॉपकडं नीट बघितलं. अन् काय सांगू! त्याला भोकंच भोकं! हिकडच्या बाजूला दोन, तिकडच्या बाजूला तीन. एक गोल, एक चपटं, एक लांबट. पाठीमागं तर झरोक्यावानी नुसती रांग! मी म्हणलं, अरे देवा, माझी पोर येवढी शिकलेली, पुण्याचे साहेब येवढे शिकलेले, अन् हे कुणालाच दिसलं न्हाई? हितनं चोर काय, बैलगाडी आत जाईल!

देवाशप्पथ सांगते, त्या घडीला माझ्या मनात खोडी नव्हती. जलमात पहिल्यांदा नव्हती! मनात येवढंच, की पोर अंग धुऊन येस्तोवर तिचं निम्मं काम करून ठेवू. हिला पुण्याला जायची पाळी येऊ नये.

आता बुजवायचं कशानं? कणगीला उंदरानं भोक पाडलं का आपण शेण लिंपतो. पण कंपनीची वस्तू, तिला शेण लावणं बरं दिसतं का? कणीक लावावी, तर मुंग्या येतील. बघा, किती इचार केला मी! मंग दिवाळीची मेणबत्ती आठवली. हातावर चोळून मऊ केली, अन् एकेक भोक असं बेस बुजवलं, असं बेस बुजवलं, वरनं अंगठा फिरवून गुळगुळीत केलं. मागच्या झरोक्यांना तर कुडाला लिंपण द्यावं तसं एका दमात.

एक राहिलं. वर, काचेच्या डोक्यावर मधोमध, बारीक. त्यातनं म्हणं माणूस दिसतो. मंजे चोराचा डोळाच की तो! तिथं मेण चिकटंना. मंग आरशावरची वैशालीची टिकली काढली, लाल, बारीक, अन् दिली लावून. लॅपटॉप असा गोजिरा दिसाया लागला, की मी त्याची दृष्ट बी काढली.

थोड्या येळानं तो घरघरायला लागला. गिरणीवानी. मी हात लावला, तर बाई, चटका! सणसणून तापलेला!

आता तुमीच सांगा. व्हायरस, अन् ताप. आपण सगळ्यांनी ते दिवस काढलेत, व्हायरस मंजी ताप हे काय कुणी शिकवायला पायजे? मी म्हणलं, गेला! मी बुजवायच्या आधीच व्हायरस आत शिरला, अन् आता मी त्याला आतच कोंडला!

पदरानं वारा घातला. ताप उतरंना. तेवढ्यात मागच्या बाजूनं थेंब गळाया लागले. मेण पातळ झालं व्हतं. पण मला काय दिसलं? घाम! मी मनात म्हणलं, फुटला बाई घाम, आता उतरंल. पळत जाऊन तांब्यात मिठाचं पाणी केलं, फडकं भिजवलं, पिळलं, अन् कपाळावर घडी ठेवायला हात उचलला...

"आत्याऽऽऽ!"

वैशाली न्हाणीच्या दारात. केसाला पंचा गुंडाळलेला. अशी किंचाळली, की मोत्या भुकाया लागला, मांजर माळ्यावर गेलं, अन् माझ्या हातातनं फडकं तांब्यात पडलं. नशीब तांब्यात पडलं!

"काय करताय?"

"ताप आलाय त्याला. व्हायरस शिरलाय."

ती पळत आली. लॅपटॉप उचलून उलटा केला. मागचं मेण बघितलं, बाजूचं बघितलं. काचेवर खूण आली व्हती, चार्जिंग संपत आल्याची. तिनं तार आणली, लावायला गेली, तर तार आत जाईना. जाणार कुठनं? मीच तर बुजवलं व्हतं, अंगठा फिरवून!

तिनं पटकन सगळं बंद करून टाकलं. मंग मान खाली घालून बसली.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून कौसाबाई आली, बागंतनं माझा लेक आला. लेकानं लॅपटॉप बघितला अन् म्हणला, "आई, अगं येळकाळ बघावी का न्हाई? ही काय खोडी झाली?"

कौसाबाई तर पोट धरून हसाया लागली. "लई भारी केलीस गं! आजवरची एक नंबर खोडी!"

"अगं खोडी न्हाई ही! मी मदत केली!"

"हां हां, मदत! अन् दही लावलं तवा बी जावयाला मदतच केली व्हतीस!"

मी लेकाची शपथ घेतली. लेक म्हणला, "बेडकीच्या टायमाला बी तू आजाची शपथ घेतली व्हतीस, तूच सांगतीस ना?" साठ-सत्तर वरसं कमावलेलं नाव, ते ऐन टायमाला आडवं आलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं बायांनो. पोर पुण्याला जाणार, अन् ती बी माझ्या हातानं.

तवा वैशालीनं मान वर केली. नवऱ्याला म्हणाली, "गप्प बसा हो तुम्ही. आत्यांनी खोडी केली असती, तर आत्तापर्यंत पदर तोंडात कोंबून कोपऱ्यात हसत बसल्या असत्या. त्या रडतायत. म्हणजे खरंच मदत केलीय."

अगं, माझ्या पोटच्या पोराला जे कळलं न्हाई, ते त्या डोंगरातल्या पोरीला कळलं!

मंग म्हणाली, "आत्या, तुमचे हात सुईचे आहेत. बसा माझ्याबरोबर. पण सुई नको हां, लोखंड आत जाता कामा नये."

मी खराट्याची काडी आणली, विळीवर तासून दातकोरणीवानी बारीक केली. तिनं लॅपटॉप उलटा धरायचा, मी काडीनं हळूहळू मेण उकरायचं, भुगा खाली पडायचा. गार झाल्यावर मेणाच्या खपल्याच निघत व्हत्या, तेवढं बरं झालं. माझी काडी सारखी निसटत व्हती. तिनं माझं ध्यान दुसरीकडं न्यायला माहेरचं काढलं.

"आमच्याकडं खाचराच्या बांधाला खेकडे भोक पाडतात. पाणी सगळं निघून जातं. लहानपणी एकदा मी अशीच दिसेल ते भोक चिखलानं बुजवत सुटले. पाणी जायला ठेवलेली वाट बी बुजवली. पहाटे बांधच फुटला."

"मंग तुझा बा काय म्हणला? हाणलं का?"

"नाही. म्हणाला, पोरी, खेकड्याचं भोक बुजवायचं, आपण पाडलेलं ठेवायचं. आता चार्जिंगचं तेवढं साफ करा, हे आपण पाडलेलं आहे."

मी हसले, अन् काडी नीट चालाया लागली.

दिवस कलला तवा तार आत गेली. बारीक दिवा लागला. तो दिवा बघून मी जसे हात जोडले, तसे गावच्या जत्रंत बी जोडले नसतील. लॅपटॉप चालू झाला, झरोक्यातनं गरम वारा भसाभसा बाहेर आला.

तेवढ्यात साहेबाचा फोन. वैशालीनं तो मोठ्या आवाजावर टाकला, कारण हात कामात.

"वैशाली, बराच वेळ तुमचं मशिन बंद दिसतंय. लाईट गेली का गावाकडे?"

"नाही सर. माझ्याच मशिनची अडचण होती, माझं लक्ष नव्हतं. आता चालू झालंय. चारही मशिनी नीट आहेत, बाकीच्यांना पाठवतेय."

माझं लक्ष नव्हतं, म्हणाली! सगळं आपल्या अंगावर घेतलं पोरीनं. ते मला बघवंना. मी पुढं वाकून फोनात म्हणलं, "साहेब, रामराम. मी हिची सासू. हिची काय बी चूक न्हाई. भोकं मी बुजवली. मेणानं."

मंग साहेब म्हणला, "आजी, तो कोंबडा तुम्हीच ना?"

"व्हय," मी म्हणलं.

साहेब असा हसला, असा हसला, त्याला ठसका लागला. "मेणानं बुजवली! वैशाली, तुमच्या सासूबाई म्हणजे कमाल आहेत! चला, पाठवा पॅच."

बघा! जलमात एकदा सरळ खरं बोलले, ते बी कुणाला खरं वाटलं न्हाई. पण त्या दिवशी म्हणलं, बरं झालं देवा, माझी बदनामी पोरीच्या कामाला आली.

दिवेलागणीच्या आत सगळीकडं ठिगळ लागलं. वैशालीनं पाय पसरले, मी तिच्या केसातला पंचा सोडून डोक्याला तेल लावलं. म्हणलं, "वैशाली, तुझे उपकार झाले गं."

"उपकार कसले आत्या? सुनेसाठी रडणारी सासू कुणाला मिळते? बाकीच्यांच्या सासवा त्यांना रडवतात."

तवर साहेबानं सगळ्यांना पडद्यावर बोलावलं, शाबासकी द्यायला. बाकीचे सगळे दिसत व्हते, वैशालीचा चौकोन तेवढा लालभडक. साहेब म्हणला, "वैशाली, तुमचा कॅमेरा बिघडला का?" ती हे दाबती, ते दाबती. मी मागनं गुपचूप हात पुढं केला, अन् टिकली काढली.

पडद्यावर एकदम दिसलो दोघी. मी, अन् माझ्या बोटावर टिकली. सगळे साहेब टाळ्या वाजवाया लागले. कुणासाठी, ते मी इचारलं न्हाई.

शेवटाला साहेबानं येवढंच इचारलं, "काम वेळेत झालं, छान. ही गोष्ट बाहेर कुणाला कळली नाही ना?"

वैशाली म्हणाली, "नाही सर. घराबाहेर गेली नाही."

अन् नेमकी त्याच टायमाला ही कौसाबाई, हीच, खिडकीतनं मुंडकं आत घालून केवढ्यानं वराडली, "वैशाले! राखणदाराचं भोक बुजलं का गं? आख्खी आळी इचारतीय!"

साहेब बघतोय. वैशाली माझ्याकडं बघतीय. मी वर आढ्याकडं.

पोरीनं गुमान लॅपटॉप मिटला. मेणाच्या खपलीचा येक तुकडा चौरंगावर पडला व्हता, तो उचलून माझ्या हातावर ठेवला, अन् म्हणाली,

"आत्या, येवढी भोकं बुजवलीत. एकच राहिलं. नाकाच्या खालचं!"